कार्ब्युरेटरच्या पेट्रोल-नळ्या आणि त्यांची फिटिंग्ज: जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९५२ सालची एमजी टीडी ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, मामांकडून आलेली. मी मेकॅनिक नाही. नोकरीची सगळी वर्षं भोसरीतल्या एका टूलरूममध्ये गेली, त्यामुळे आटे, मापं आणि लेथ यांच्याशी जुना घरोबा. पुण्यात जुन्या गाड्या पाळणारी मंडळी भेटली की दर वेळी पेट्रोल गळण्याचेच प्रश्न निघतात. म्हणून एकदाची सगळी उत्तरं लिहून काढतोय. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा भाग. उदाहरणं बहुतेक एसयू या ब्रिटिश बनावटीच्या कार्ब्युरेटरची आहेत, कारण माझ्या गाडीत तेच दोन आहेत. वेबर किंवा सोलेक्सवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतो. गळती नेमकी कुठे आहे हे कसं शोधायचं?

नाकावर विश्वास ठेवू नका, आणि जिथे ओलं दिसतंय त्या जागेवर तर मुळीच नको. पेट्रोल वरच्या फिटिंगमधून झिरपतं, बाऊलच्या, म्हणजे कार्ब्युरेटरला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या वाटीच्या, अंगावरून घरंगळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टाच्या टोकावर थेंब धरतं. आपण तो बोल्ट आवळत बसतो.

मी खडू वापरतो, शाळेतला पांढरा खडू. आधी सगळा भाग जुन्या सुती कापडाने कोरडा पुसायचा. मग खडूची पूड पाण्यात कालवून, ब्रशने प्रत्येक जोडावर पातळ लेप द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. इंजिन चालू न करता फक्त किल्ली फिरवायची. एसयूचा इलेक्ट्रिक पंप टक-टक-टक करतो, बाऊल भरले की गप्प बसतो. पंधरा मिनिटं थांबा. जिथून पेट्रोल येतंय तिथे पांढऱ्यावर राखाडी डाग उमटतो आणि तिथून खाली ओघळ जातो. ओघळाचं वरचं टोक म्हणजे चोर.

टीडीत जे एच प्रकारचे एसयू आहेत त्यात संशयित चार. बाऊलच्या झाकणावरचा बँजो, म्हणजे पोकळ बोल्टाने आवळलेली गोल डोक्याची जोडणी. बाऊल जिथे कार्ब्युरेटरच्या अंगाला जोडलेला असतो तो खालचा पोकळ बोल्ट. जेट, म्हणजे पेट्रोल इंजिनाकडे सोडणारी बारीक नळी, तिच्याभोवतीची बुचाची सीलं. आणि चौथी ओव्हरफ्लोची नळी. या चौथीतून पेट्रोल येत असेल तर तुमची फिटिंग्ज निर्दोष आहेत. फ्लोट म्हणजे बाऊलमधला तरंगणारा पोकळ डबा, बाऊल भरला की तो वर येऊन सुईने पेट्रोल बंद करतो. एक तर ती सुई नीट बसत नाहीये, किंवा फ्लोटच्या पोटात पेट्रोल शिरून तो बुडतोय. फ्लोट काढून कानाशी हलवा, आत खळखळ ऐकू येते. दोष सुईचा असताना लोक बँजोचे वायसर बदलत राहतात. मीही दोन महिने हेच केलं होतं.

सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम करू का? सावली असते, लाइट असतो.

नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, फरशीवर पसरते आणि खड्ड्यात साचते. पेट्रोलचा फ्लॅशपॉइंट शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे पुण्यातल्या कुठल्याही थंडीत ते पेट घ्यायला तयार असतं. बेसमेंटमध्ये पाण्याचा पंप आपोआप सुरू होतो, त्याच्या स्टार्टरची एक ठिणगी पुरे. गाडी ढकलून उघड्यावर आणा.

बॅटरी सोडताना आधी अर्थची वायर काढायची. टीडीसारख्या त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत अर्थ प्लसला असतो हे ध्यानात ठेवा, सवयीने मायनसला हात जातो. बल्बचा हातदिवा वापरू नका, पडून फुटला तर तापलेली तार थेट पेट्रोलवर. मोबाइलचा किंवा एलईडीचा टॉर्च बरा. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताच्या अंतरावर, गाडीच्या डिकीत नको. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, म्हणजे जळालेला धूर बाहेर नेणारा तापलेला पाइप, एकाच बाजूला, वर-खाली आहेत. त्यामुळे घाटातून आल्या-आल्या फिटिंग सोडायला जाऊ नका. तासभर चहा प्या.

थोडं आवळलं तर गळती थांबेल ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही यानेच होतं.

टीडीच्या पंपाचा दाब दीड पीएसआयच्या आतबाहेर असतो. दीड पीएसआय म्हणजे साधारण एक मीटर पाण्याच्या उंचीचा दाब. तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीतून नळाला जो दाब येतो तो याच्या कितीतरी पट. इतक्या क्षुल्लक दाबाला अडवायला ताकद लागत नाही. दोन स्वच्छ, सपाट पृष्ठभाग आणि मधे एक नवं वायसर एवढंच लागतं. तरीही गळत असेल तर काहीतरी चुकीचं बसलंय. आट्याची जात वेगळी आहे, वायसर जुनं आहे, नळी वाकडी ओढून लावलीये किंवा बसण्याच्या जागेवर ओरखडा आहे. यातलं काहीही आवळून सुधारत नाही.

माझी कथा सांगतो. एका गॅरेजमध्ये गाडी दिली होती, तक्रार फक्त बँजोपाशी ओलावा येतो एवढीच. मी शेजारी उभा. मुलाने लांब दांड्याचा रिंग पाना लावला. मी म्हटलं, "अरे, बास." तो म्हणाला, "काका, अजून अर्धा फेरा घेतो, परत येणार नाही." पाना एकदम हलका पडला. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत चांदीच्या तारेची बारीक गुंडाळी अडकलेली. ते झाकणाचे आटे होते, आख्खेच्या आख्खे बोल्टासोबत आलेले. झाकण डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेलं, मऊ. बोल्ट पितळी, त्यापेक्षा कडक. दोघांच्या भांडणात झाकणच हरणार. ती गुंडाळी मी अजून काड्यापेटीत ठेवली आहे, कोणी "थोडं आवळतो" म्हटलं की उघडून दाखवतो.

योग्य पद्धत अशी. आखूड पाना घ्या. एका हाताने फिटिंगचा पाया दुसऱ्या पान्याने धरा, म्हणजे पीळ झाकणावर जात नाही. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा. बोटांनी जात नसेल तर थांबा, आटे तिरके लागताहेत किंवा जातच वेगळी आहे. बोटांनी टेकल्यावर पान्याने पाव फेरा, फार तर थोडा अधिक. फायबरचं वायसर पहिल्यांदा तापून-निवून आलं की किंचित बसतं. तेव्हा, म्हणजे एक फेरी मारून गाडी थंड झाल्यावर, एकदा हलक्या हाताने ताण घ्या. तेवढाच आवळण्याचा हक्क आपल्याला आहे.

आटे गेलेच असतील तर?

झाकण फेकू नका. हेलिकॉइल, म्हणजे तारेचं आट्यांचं अस्तर, बसवता येतं. त्या मापाचा टॅप मिळाला नाही तर लेथवर पितळी बुश करून घ्यायचं, बाहेरून मोठ्या मापाचे आटे, आतून मूळ आटे. कसबी टर्नरला हे अवघड नाही, पण त्याला नमुन्याचा बोल्ट नेऊन द्या, तोंडी माप सांगू नका. माझं झाकण पर्वतीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका टर्नरने केलं. त्याने चकमध्ये पकडायच्या आधी झाकण काचेवर ठेवून पाहिलं आणि म्हणाला, "हे आधीच वाकलंय, गॅस्केट कसं बसणार?" त्याने ते काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केलं. आट्यांइतकाच तोही गळतीचा वाटेकरी होता.

आटे कोणते आहेत हे कसं ओळखायचं? दुकानदार म्हणतो "सेम आहे, जाईल."

"जाईल" हा शब्द धोक्याचा आहे. जातोच. दोन-तीन फेरे जातो आणि मग अडतो.

एक-अष्टमांश बीएसपी आणि एक-अष्टमांश एनपीटी ही पाइपच्या आट्यांची जोडी घ्या. पहिल्यात इंचाला २८ आटे, दुसऱ्यात २७. पहिला ब्रिटिश, आट्याचा कोन ५५ अंश. दुसरा अमेरिकन, कोन ६०, शिवाय निमुळता. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ प्रेशर गेज आणि नळी-जोडण्या एनपीटीच्या असतात. इंचाला एक आटा म्हणजे काय मोठा फरक, असं वाटतं. पाच-सहा आट्यांत तो फरक साचत जातो, आटे एकमेकांवर चढतात आणि मऊ बाजू झिजते. एक-चतुर्थांश मापातही तेच, बीएसपीला १९ आटे आणि एनपीटीला १८.

यावर उपाय पिच गेज. पत्र्याच्या दातेरी पट्ट्यांचा जुडगा असतो, आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरायचा. फट दिसली तर ती पट्टी आपली नाही. एक गेज ५५ अंशांचा आणि एक ६० अंशांचा, दोन्ही घ्या. व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजा. या दोन मापांवर जात ठरते.

आता टीडीवाल्यांसाठी खास गंमत. या गाडीच्या एक्सपीएजी इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टांची डोकी व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या, पान्याची. फ्रान्सच्या हॉचकिस कंपनीचा इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कारखाना होता. तो १९२३ मध्ये मॉरिसने विकत घेतला. कारखान्यातली मशिनं फ्रेंच मापाची, ती बदलण्याऐवजी आटे तसेच ठेवले आणि इंग्लिश मेकॅनिकची सोय म्हणून डोकी तेवढी इंग्लिश केली. ते इंजिन संपून कार्ब्युरेटर सुरू झाला की पुन्हा ब्रिटिश आटे. म्हणजे एकाच बॉनेटखाली दोन देश. नंतरच्या एमजीबीसारख्या गाड्यांत यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे, आलं, तरी पेट्रोलच्या नळ्यांवर बीएसपी अधूनमधून भेटतोच. वेबर इटालियन, तिथे मेट्रिक.

पान्यांचं वेगळंच. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा डोक्याचं माप नसतो, बोल्टाच्या दांड्याचं असतो. पाव इंच व्हिटवर्थचा पाना प्रत्यक्ष ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. तेरा नंबर बसत नाही, चौदा नंबर बसतो आणि कोपरे गोल करतो. पितळी नटाचे कोपरे गोल झालेले दिसले की समजावं, आधीच्या मालकाकडे चौदा नंबर होता.

टेफ्लॉन टेप गुंडाळली तर?

नळाला गुंडाळा. बँजो असो की ऑलिव्हची, म्हणजे नळीवर चिमटून बसणाऱ्या कड्याची, जोडणी, तिथे आटे फक्त आवळण्याचं काम करतात. पेट्रोल अडतं ते वायसरवर किंवा ऑलिव्हच्या कडेवर. आट्यांना टेप लावून न गळणाऱ्या जागी बूच बसवल्यासारखं होतं. वर टेपचे तंतू तुटून आत जातात. फ्लोटच्या सुईच्या टोकाशी एक तंतू अडकला की बाऊल भरून वाहतो. इपॉक्सीच्या पुट्टीचंही तसंच. ती लावलेली फिटिंग पुढच्या वेळी सोडायची म्हणजे छिन्नी-हातोडा. खरोखर निमुळत्या आट्याची जोडणी असेल तिथे पेट्रोल सहन करणारं द्रव सीलंट एक थेंब, पहिला आटा मोकळा सोडून.

फायबर, तांबं की ॲल्युमिनियम? जुनं वायसर पुन्हा वापरलं तर चालतं का?

मूळ जागी जे होतं ते. एसयूच्या बँजोला फायबर आहे, आणि फायबरचं वायसर एकदाच वापरायचं. ते दबून ओरखड्याच्या आकाराचं झालेलं असतं, पुन्हा लावलं की त्याच जागी बसत नाही. बँजोला वायसर दोन लागतात हेही पुष्कळदा विसरलं जातं: एक बोल्टाच्या डोक्याखाली, एक बँजो आणि झाकण यांच्या मधे. उघडताना आतलं जुनं वायसर झाकणाला चिकटून राहतं, रंग एकच असल्याने दिसत नाही, आणि त्यावर नवं बसतं. नखाने खरवडून पाहा.

तांब्याचं वायसर मात्र पुन्हा जिवंत करता येतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, कळलं ते कसब्यातल्या तांबट आळीत. तिथे ठोक्यांचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच ऐकू येतो. एक काका घागरीच्या गळ्यावर काम करत होते. मी खिशातून चार वायसरं काढून हातावर ठेवली. त्यांनी एक दातात धरून चावून पाहिलं आणि म्हणाले, "मेलंय हे." चौघांनाही तारेत ओवलं, भट्टीत मंद लाल होईपर्यंत धरलं आणि बादलीत बुडवलं. चर्र. वर काळी खपली आली होती ती पाण्यातच सुटली. "ठोकलं की ताठतं, तापवलं की ऐकतं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा घागरीकडे वळले. लोखंड तापवून पाण्यात टाकलं तर कडक होतं, तांब्याचं तसं नाही, ते मऊच राहतं. घरी गॅसच्या शेगडीवर सांडशीत धरूनही जमतं. नंतर काचेवरच्या पॉलिश पेपरवर दोन्ही बाजू आठच्या आकड्यात फिरवून घ्या.

मग आख्खी नळीच तांब्याची करू का? दिसतेही छान.

दिसते छान, आणि नेमकं वर सांगितलं त्याच कारणासाठी नको. इंजिनाच्या थरथरीने तांबं हळूहळू ताठतं आणि फिटिंगच्या मागे, जिथे नळी नटात शिरते तिथे, केसाएवढी चीर पडते. तांबं-निकेलची नळी मिळते, ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेलच्या आसपास. ब्रेकसाठी विकतात. ती हाताने वाकते आणि लवकर थकत नाही. चासिसपासून इंजिनापर्यंतचा तुकडा मात्र लवचीकच हवा. इंजिन रबरावर हलतं, चासिस हलत नाही.

नळी कापायला करवत नको, चाकाचा पाइप कटर घ्या. आतली कड रीमरने साफ करा आणि कीस फुंकून नाही, पेट्रोलने धुऊन काढा. ऑलिव्ह नळीवर सरकवल्यावर नळीचं टोक त्याच्या थोडं पुढे यायला हवं. एकदा चिमटलेला ऑलिव्ह दुसऱ्या फिटिंगला लावू नका.

नवं वायसर, बरोबर आटे, तरी बँजो ओला. आता काय?

नळी मोकळी सोडा आणि बघा ती कुठे जाऊन थांबते. बँजोच्या भोकासमोर आपणहून येत नसेल, हाताने ओढून आणावी लागत असेल, तर ती आवळल्यावरही बँजोला एका बाजूला उचलत राहणार. खालच्या अंगाला कागद सरकेल एवढी फट. लोक ती फट आवळून मिटवायला जातात. नळीच वाकवून जागेवर आणा.

मग बसण्याची जागा. टॉर्च तिरपा धरून पाहा. आधीच्या कुणीतरी स्क्रूड्रायव्हरने खरवडलेला ओरखडा आडवा गेला असेल तर पेट्रोलला ती पायवाट आहे. आणि बोल्टाच्या मागे जाळीचं टोपण आणि स्प्रिंग असते, ती उलटी बसली तर बोल्ट पूर्ण आत जात नाही. वरून आवळल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात स्प्रिंगवर टेकलेला असतो.

ई-२० पेट्रोलने या सगळ्याची वाट लागते असं ऐकतो. खरं का?

निम्मं खरं. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. पितळी फिटिंगला त्याने लगेच काही होत नाही. रबराला आणि बुचाला होतं. जुन्या काळचं रबर फुगतं, मऊ पडतं, आतून सोलून त्याचे काळे कण जाळीत येतात. जेटची बुचाची सीलं गाडी उभी राहिली की आकसतात. तिथे आता व्हिटॉनच्या, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या, ओ-रिंगचे संच मिळतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. जून ते सप्टेंबर गाडी आच्छादनाखाली उभी, टाकी अर्धी रिकामी, पुण्याची पावसाळी हवा. बाऊलच्या तळाशी पांढरट गाळ आणि डायकास्टवर खड्डे इथूनच येतात. पावसाळ्यात टाकी भरून ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा इंजिन नीट गरम होईपर्यंत चालवा.

नळी घेताना तिच्या अंगावरचं छापील वाचा. एसएई जे-३० आर-९ लिहिलेल्या नळीला आतून फ्लुओरोरबराचं अस्तर असतं, ती इथेनॉलला टिकते. आर-६, आर-७ साध्या पेट्रोलच्या काळातल्या. कापडी विणीच्या जुन्या नळ्या दिसायला अस्सल, पण आतलं रबर चिरलं तरी वरून कळत नाही. खात्री नसेल तर चार बोटांचा तुकडा काचेच्या बरणीत पंपावरच्या पेट्रोलात पंधरा दिवस बुडवून ठेवा. फुगला किंवा पेट्रोल काळवंडलं तर ती नळी झाडांना पाणी घालायला. बरणी घराबाहेर ठेवा आणि झाकण घट्ट लावा. आमच्याकडे ती एकदा लोणच्याच्या बरणीशेजारी सापडली होती, त्यावर बोलणं नको.

इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं. फिटिंग करूनही गाडी दम खात असेल तर ते जेटमधल्या सुईचं काम, नळीचं किंवा फ्लोटच्या सुईचं नव्हे.

होज क्लिप कोणती?

साध्या जुबली क्लिपच्या पट्टीत खाचा असतात, बारीक नळीवर आवळली की रबर त्या खाचांतून वर येतं आणि कापलं जातं. गुळगुळीत पट्टीची, नट-बोल्टने आवळायची छोटी क्लिप घ्या.

नळी ओढली आणि झाकणातली पितळी टोचणीच (नळी चढवायचं टोक) हातात आली!

बरं झालं, घरी आली. रस्त्यावर आली असती तर पंप तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल ओतत राहिला असता. बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये ही टोचणी आट्यांची नसते, नुसती दाबून बसवलेली असते. वर्षानुवर्षं नळी उपटून काढल्याने ती सैल होते. जुन्या बीटलवाल्यांमध्ये ही खोड प्रसिद्ध आहे, इंजिनाला आगी लागल्या आहेत यामुळे. हातोडीने परत ठोकू नका. पेट्रोल सहन करणारं रिटेनिंग कंपाउंड लावून बसवता येते, पण मी भोकाला आटे पाडून स्क्रूची टोचणी बसवीन. आणि पुढे कधीही नळी उपटायची नाही. ब्लेडने उभी चीर देऊन सोडवायची, नळी नाही तरी नवीच लावायची असते.

पंप थांबतच नाही, टकटक चालूच. फिटिंगचा दोष?

कान देऊन ऐका, पंप खरं बोलतो. किल्ली चालू, इंजिन बंद, बाऊल भरलेले. मिनिटभरात एखादी टक झाली तर कार्ब्युरेटरच्या बाजूला कुठेतरी किंचित पाझर आहे, किंवा पंपाचा स्वतःचा व्हॉल्व्ह झिजलाय. सलग, भराभर टकटक असेल आणि कुठेही ओलं नसेल, तर दोष टाकीकडच्या बाजूला. टीडीत पंप बल्कहेडवर, म्हणजे इंजिन आणि बसण्याच्या जागेमधल्या भिंतीवर, असतो, पेट्रोल मागच्या टाकीतून ओढून आणतो. ओढणाऱ्या बाजूच्या फिटिंगमधून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत येते. चालताना गाडी दम खाते, बोपदेव घाट चढताना हमखास. कोरडी फिटिंग निर्दोष समजून लोक कार्ब्युरेटर उघडतात.

कंटाळून बाजारातला स्वस्त इलेक्ट्रॉनिक पंप लावला असेल तर त्याचा दाब मोजा. चार ते सात पीएसआयचे मिळतात. तेवढ्यापुढे एसयूच्या फ्लोटची सुई टिकत नाही, सगळ्या जोडांतून पेट्रोल येतं आणि दोष फिटिंगवर. त्या पंपाला रेग्युलेटर हवा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा पंप तर अजिबात नको.

ट्रॅफिकमध्ये गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने सुरू होते.

नळीत पेट्रोलची वाफ होतेय. फिटिंग नाही, नळीचा मार्ग पाहा. मॅनिफोल्डच्या जवळून जाते का, मधला फिल्टर त्याच्या वर लोंबकळतोय का. नळीला लाकडी कपड्यांचे चिमटे लावायचा जुना उपाय आहे. मी लावून पाहिले आहेत, नंतर वाळत घातलेल्या कपड्यांना कमी पडले एवढंच.

पुण्यात हे सामान मिळतं कुठे?

नळी, क्लिपा, फायबर वायसरांसाठी नाना पेठ. नमुना खिशात ठेवून जा, नावाने मागू नका. पितळी जोडण्या, टॅप, डाय, पिच गेजसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. तिथे पिढ्यान् पिढ्यांची दुकानं आहेत, काउंटरमागचे शेठ हातात बोल्ट घेऊनच व्हिटवर्थ आहे म्हणतात आणि बहुतेक वेळा बरोबर असतात. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. व्हिटवर्थचे जुने पाने तिथे भंगारात मिळतात. एसयूची सुई, फ्लोट, जाळी यांचे संच परदेशातून मागवावे लागतात. दोन एकदम मागवा.

मूळ फिटिंग्ज बदलल्या तर विंटेज नोंदणीला अडचण येईल का?

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ चे नियम आहेत. त्यांचा रोख चासिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नसण्यावर आहे. नळी आणि वायसर सुरक्षिततेसाठी बदलायलाच हवीत. काढलेले मूळ भाग पिशवीत नाव घालून ठेवा, बस्स.

स्वतः करू की मेस्त्रीकडे देऊ?

वायसर, नळी, क्लिप स्वतः. आटे पाडणं टर्नरकडे. आणि मेस्त्रीकडे दिलीत तर शेजारी उभे राहा, लांब दांड्याचा पाना दिसला की "राहू दे, दादा, मी बघतो" म्हणा.

किती दिवसांनी तपासायचं?

दर फेरीआधी बॉनेट उघडून किल्ली फिरवा, पंप गप्प होईपर्यंत थांबा आणि प्रत्येक जोडाखालून कोरडं बोट फिरवा. माझा खडूचा तुकडा टूलकिटमध्येच असतो, व्हिटवर्थ पान्यांच्या शेजारी.